बाई थांबल्या होत्या

दोह्यातल्या अल थुमामाच्या त्या गल्लीच्या तोंडाशी आता सिग्नल आलाय, फुटपाथ आलाय आणि फुटपाथावर चक्क झाडं आलीत. माझ्या वेळी तिथे लाल-पांढरे प्लास्टिकचे अडथळे असायचे आणि रस्ता रोज वेगळीकडे वळवलेला असायचा. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा होता. अजून काही वर्षं होती, पण अख्खं दोहा घर उपसून बसलं होतं. जिकडे बघावं तिकडे खड्डे आणि क्रेन. पुसून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर टेबलावर पुन्हा बोट उमटेल इतकी धूळ. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी खिडकीच्या फटीत ओले नॅपकिन कोंबून ठेवायची आणि संध्याकाळी ते वाळून कडक झालेले काढायची. त्या धुळीला एक वास होता, तापलेल्या सिमेंटचा. परवा टॅक्सीतून उतरले आणि तो वास आलाच नाही, तर उगाच चुकल्यासारखं झालं.

माझ्या नवऱ्याचं, समीरचं, इथे पंधरा दिवसांचं काम निघालं म्हणून मी सोबत आले. जुन्या दुकानांत फिरून येते, असं त्याला सांगून निघाले. खोटं सांगितलं. मी थेट इथे आले, बाईंच्या कंपाऊंडच्या फाटकाशी. आत सारख्या दिसणाऱ्या बारा व्हिला, मधोमध एक छोटा तलाव. डावीकडचा तिसरा बाईंचा. म्हणजे त्यांच्या मुलाचा.

बाई म्हणजे इंग्लंडच्या रंगभूमीवरच्या आणि पडद्यावरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. पहिल्याच दिवशी त्यांनी नावाने हाक मारायला सांगितलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या नटीला नावाने कशी हाक मारायची? माझी जीभच वळेना. आमच्याकडे नाटकातल्या मोठ्या अभिनेत्रीला बाई म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आवडलं. मुलाला फोनवर सांगताना त्या "बाई बोलतेय" असं म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. अशा या बाईंचं मी वाटोळं केलं आणि ते परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, लग्न होऊन नुकतीच नाशिकहून आलेली. समीर रास लफानच्या गॅस प्लांटवर. उजाडायच्या आत कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि मग दिवसभर मी, एसीची घरघर आणि इंग्रजीतली एम.ए.ची पदवी. सुपरमार्केटच्या बाहेरच्या बोर्डावर एकदा हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली. रोज सकाळी दोन तास इंग्रजी नाटकाची संहिता हातात धरून बसेल असं कोणीतरी चिकाटीचं माणूस हवंय. अक्षर तिरकं, जुन्या वळणाचं. मी तिथूनच फोन लावला.

पहिल्या दिवशी गेले, तर दार उघडंच. आत बाई जमिनीवर उताण्या पडलेल्या. डोळे मिटलेले, गुडघे वर, डोक्याखाली दोन जाड पुस्तकं. मी स्वयंपाकघरात धावले, हाताला लागलं ते भांडं भरलं आणि त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. बाई उठून बसल्या, चेहरा पुसला आणि शांतपणे म्हणाल्या की ही त्यांची रोजची आवाजाआधीची वीस मिनिटं आहेत, पाठ सरळ होते. मग इतक्या हसल्या की ठसका लागला. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आज वाटतं, तेव्हाच मला हाकलायला हवं होतं त्यांनी.

पण हाकललं नाही. दोन हिवाळे मी जात राहिले. त्या घरात संत्र्याच्या सालींचा आणि टाल्कम पावडरीचा वास असायचा. बाई संत्र्याची सालं सुकवून डब्यात भरायच्या आणि चहात टाकायच्या. तलावावर साळुंक्या भांडायच्या. लांबून स्टेडियमच्या कामाचे ठोके यायचे, धप्प, धप्प. बाई त्या ठोक्यांवर चालत चालत वाक्यं म्हणायच्या. मधली सुट्टी झाली की पाय वर घेऊन बसायच्या आणि त्यांचं आयुष्य तुकड्यातुकड्याने बाहेर यायचं, कधीच ओळीने नाही.

वडील बस कंडक्टर, गाव कोळशाच्या खाणीचं. सोळाव्या वर्षी गावाजवळच्या नाटक कंपनीत चिकटल्या. तिथे दर आठवड्याला नवं नाटक असायचं आणि बाईंचं काम विंगेत स्टुलावर बसून अडलेल्या नटांना प्रॉम्प्टिंग करायचं. दोन वर्षं तेच. मग मोलकरणीच्या भूमिका. "सहा वर्षं मी फक्त ट्रे घेऊन आत आले," त्या म्हणायच्या, "पण प्रत्येक ट्रे वेगळा आणला." आणि उठून करून दाखवायच्या. घाबरलेल्या मुलीचा ट्रे, मालकाच्या प्रेमात पडलेलीचा ट्रे, नोकरी सोडायचं ठरवून आलेलीचा ट्रे. हातात काही नसायचं, पण मला कप वाजलेले ऐकू यायचे. पुढे राण्या केल्या, आया केल्या, टीव्हीवर हॉस्पिटलातल्या एका कडक मेट्रनचं काम केलं तर रस्त्यातली माणसं त्यांना औषधं विचारायला लागली. सिनेमात त्यांना बहुतेक वेळा मरावं लागलं. राजवाड्यात बोलावून पदक दिलं तेव्हा बूट चावत होता, एवढंच त्यांना आठवत होतं.

मग एकदा लंडनमध्ये, भर प्रयोगात, त्या वाक्य विसरल्या. रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या होत्या. एकच संध्याकाळ. पण ती गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. कोणी तोंडावर काही बोललं नाही, फक्त फोन यायचे थांबले. मुलगा इथे स्टेडियमच्या बांधकामावर इंजिनियर. तीन आठवड्यांसाठी म्हणून त्याच्याकडे आल्या आणि राहून गेल्या. आता त्यांना एक तासाचा एकपात्री प्रयोग करायचा होता, इथेच, एका शाळेच्या हॉलमध्ये. लंडनची एक दिग्दर्शिका दुसऱ्या कामाने दोह्यात येणार होती आणि मुद्दाम प्रयोग बघणार होती. तिच्या नव्या मालिकेत म्हाताऱ्या न्यायाधीशबाईंची भूमिका होती, पानपानभर भाषणं. बाईंना ती हवी होती. लहान मुलीसारखी हवी होती. "एक तास कुठेही न अडखळता म्हणून दाखवला की झालं," त्या म्हणायच्या.

आता माझ्याबद्दल सांगते. प्रॉम्प्टिंग माझ्या रक्तातच आहे. माझे बाबा नाशिकचे हौशी प्रॉम्प्टर. दिवसा सरकारी कचेरी, संध्याकाळी तालीम. राज्य नाट्य स्पर्धा आली की आमच्या घरी जेवणाच्या वेळा संपायच्या. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून विंगेत त्यांच्या मांडीला टेकून बसायची. पडद्याचा कुबट वास, नारळ फोडल्यावर सांडलेल्या पाण्याचा चिकटपणा, तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार, सगळं तिथलं. बाबा नटाच्या अर्धा श्वास आधी वाक्य द्यायचे. रंगमंचावर शांतता म्हणजे अपघात, ही त्यांची शिकवण. नट गप्प झाला की वाक्य फेकायचं, विचार करत बसायचं नाही. त्यांच्या हातून एकही नाटक पडलं नाही, हे नाशिकमध्ये आजही लोक सांगतात.

दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात तर माझी चांदीच झाली. गणपतीत नाटक बसायचं आणि नट कोण, तर बारा तासांची शिफ्ट करून प्लांटवरच्या कव्हरऑलमध्येच तालमीला येणारे इंजिनियर. पाठांतराच्या नावाने बोंब. "तू आहेस ना गं विंगेत, मग कशाला टेन्शन!" रत्नागिरीचे हमीदभाई दर वर्षी खलनायक करायचे. त्यांचा अख्खा दुसरा अंक मी त्यांच्याकडून वदवून घेतला होता आणि बक्षीसही त्यांनाच मिळालं. मला त्याचा गर्वच होता, कशाला नाही म्हणू.

बाईंची पद्धत अगदी उलटी. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. त्यांनी डावा हात सपाट टेबलावर ठेवला तरच मी वाक्य द्यायचं. नाहीतर छप्पर कोसळलं तरी गप्प. नाटकात एक म्हातारी वारलेल्या बहिणीचं घर आवरते. शेवटाकडे तिला एका खोक्यात स्वतःनेच पाठवलेली, कधीच न फोडलेली पत्रं सापडतात. तिथे संहितेत रिकामी जागा होती. मग वाक्य होतं, "मी यायला हवं होतं." तालमीत बाई तिथे तीन-चार सेकंद थांबायच्या. मी एकदा विचारलं, नक्की किती थांबणार? म्हणजे मला पेन्सिलीने लिहून ठेवता येईल. त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही. लोक देतील तितका वेळ घ्यायचा." मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही.

प्रयोग जानेवारीत होता, संध्याकाळी सातला. हवेत चक्क गारवा. हॉल भरला होता. निम्मे गोरे, निम्मं आमचं मंडळ, कारण मीच सगळ्यांना फोन करकरून बोलावलं होतं. बायका साड्या नेसून, अत्तर लावून आल्या होत्या. मुलं आपापसांत इंग्रजीत कुजबुजत होती. दिग्दर्शिका तिसऱ्या रांगेत. आणि बाईंनी काय केलं म्हणून सांगू! पंचावन्न मिनिटं एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मंडळातल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. माझ्या मांडीवरच्या फाईलकडे बघायचीसुद्धा वेळ आली नाही.

मग ते खोकं उघडलं.

बाई पत्रं हातात घेऊन उभ्या राहिल्या. एक, दोन, तीन, चार. हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही, ती मुलंसुद्धा गप्प. पाच, सहा. मला विंगेतून त्यांची पाठ आणि डावा हात दिसत होता. हात टेबलाच्या वर, हवेत होता. टेबलावर नव्हता. हे मी नीट बघितलं होतं, मला आजही शपथेवर सांगता येईल. सात, आठ. लंडनची ती संध्याकाळ आठवली. गेलं, सगळं गेलं, असं वाटलं. नऊ मोजले आणि मी वाक्य दिलं. नाशिकच्या, माइक नसलेल्या हॉलमध्ये कमावलेल्या आवाजात दिलं. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं ते.

बाईंनी वळून बघितलं नाही. फक्त त्यांचे खांदे किंचित खाली आले. मग त्यांनी ते वाक्य उचललं, म्हटलं आणि प्रयोग पुरा केला, काही झालं नसल्यासारखा. टाळ्या वाजल्या, खूप वाजल्या. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर लोक जरा जास्तच मोठ्याने बोलतात ना, तशा वाजल्या. त्या टाळ्या ऐकताना मला कळलं. बाई विसरल्या नव्हत्या. हॉलने त्यांना नऊ सेकंद दिले होते, आणखीही दिले असते, आणि बाई ते घेत होत्या. असं बाबांच्या बाजूला बसून मी कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे समोर आलं तेव्हा ओळखता आलं नाही.

मेकअपच्या खोलीत दिग्दर्शिका आली. तिने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?" मी दारात, फाईल छातीशी धरून. बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, वाट बघितल्यासारखं. तोंड उघडून "चूक माझी आहे" एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मराठीत तीन, इंग्रजीतही तेवढेच. मी खाली बघितलं. मग बाईच म्हणाल्या, "क्षणभर माझं वाक्य सुटलं. या मुलीने मला परत वाटेवर आणलं."

आणि मी म्हणाले, "थँक्यू."

लाज वाटते लिहिताना. पण यापुढचं तर आणखी वाईट आहे. पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाने माझा सत्कार केला. शाल आणि श्रीफळ. आपल्या मराठी मुलीने इंग्लंडच्या थोर अभिनेत्रीला ऐन वेळी सावरलं, असं आमचे सेक्रेटरी कुळकर्णीकाका माइकवरून बोलले आणि बाबांचाही उल्लेख केला. प्रमुख पाहुण्या कोण? बाईच. पहिल्या रांगेत बसल्या होत्या, केसांत कोणीतरी माळून दिलेला मोगरा. भाषण मराठीत होतं म्हणून त्यांनी शेजारच्या वहिनींना विचारलं, काय म्हणतायत. वहिनींनी सगळं, अगदी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. मी शाल पांघरून उभी होते. त्या लोकरीखाली मला दरदरून घाम फुटला होता.

न्यायाधीशबाईंची भूमिका दुसऱ्या कोणालातरी मिळाली. ते बाईंनीच मला सांगितलं, चहा ओतता ओतता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्यानंतर मी जायचं कमी केलं. बाई निरोप पाठवायच्या, ये ना, काही नाही तर गप्पा मारू. मी उलट कळवायची की तुमच्याकडचा रस्ता आज बंद आहे. रस्ते खरंच बंद असायचे त्या दिवसांत, त्यामुळे खोटं पचायचं. एकदा त्यांनी लिहिलं की आज उघडलाय, मी स्वतः बघून आले. त्याला मी उत्तरच दिलं नाही. उन्हाळ्यात त्या इंग्लंडला परत गेल्या.

गेल्या वर्षी बाई वारल्या. पुण्याच्या आमच्या आताच्या घरी ओट्याशी उभी राहून मी फोनवर लंडनच्या एका वर्तमानपत्रातला त्यांच्यावरचा लेख वाचला. सगळं होतं त्यात. खाणीचं गाव, ट्रे, राण्या, मेट्रन, पदक. साठ वर्षांची कारकीर्द. आणि शेवटी एक ओळ, की दोह्यातल्या प्रयोगात स्मृतीने पुन्हा दगा दिल्यावर त्या रंगभूमीपासून कायमच्या दूर झाल्या. पुढे जिथे जिथे म्हणून त्यांचं नाव शोधलं, तिथे तिथे हीच ओळ सापडली. इतक्या मोठ्या बाईच्या नावापुढे माझी चूक कायमची लिहिली गेली होती, आणि तीही त्यांची म्हणून.

तेच सांगायला आले होते. फाटकावरच्या वॉचमनने आत फोन केला आणि बाईंचा मुलगा स्वतः बाहेर आला. केस पिकलेत. त्याने आत बोलावलं. घरात संत्र्यांचा वास नव्हता, एअर फ्रेशनरचा होता. मी बसलेही नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हात टेबलावर नव्हता हे दोनदा सांगितलं. तो ऐकत होता. म्हणाला, "मला माहीत आहे. आईने त्याच दिवशी गाडीत सांगितलं."

लेख लिहिणाऱ्यांनी त्याला विचारलं होतं म्हणे, त्या प्रयोगात नक्की काय झालं. मग तुम्ही का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्याने खिडकीकडे बघत उत्तर दिलं. "आईने मला बंदी केली होती. ती म्हणायची, त्या मुलीला माझी काळजी वाटली, दुसऱ्या कोणाला वाटली होती?" मला रडू फुटलं. त्याने मला रडू दिलं, पाणी आणून दिलं, आणि मग म्हणाला, "पण मी आई नाही. तुम्ही त्या वर्तमानपत्राला लिहावं, असं मला वाटतं. तुमच्या नावानिशी."

हॉटेलवर येऊन मी लिहिलं. चारच ओळी, पण दुपार गेली. नाव घातलं, प्रॉम्प्टर म्हणून घातलं. समीर कामावरून आला तेव्हा त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाबांना आधी सांग, त्यांना बाहेरून कळायला नको. खरं होतं. त्या सत्काराची गोष्ट बाबा अजून नाशिकभर सांगत फिरतात. दूधवाल्यालाही पाठ झाली असेल.

फोन लावला. बाबा ऐंशीचे आहेत, ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं. "थँक्यू"सुद्धा मोठ्याने सांगावं लागलं. सांगून झाल्यावर पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं, लाइन कट झाली. हॅलो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"किती थांबल्या होत्या त्या?" बाबांनी विचारलं.

"नऊ."

"मी तर चारलाच दिलं असतं," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "पण पडदा पडल्यावर बाहेर येऊन सांगितलं असतं गं."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि ते पत्र पाठवलं.